समस्त परिवार

कपाशीचं नवं वाण बाजारात आलं की वडील गावातल्या दोघातिघांकडे चौकशी करत आणि घरी येऊन तोच प्रश्न मला विचारत, "तुन्हाकडे यंदा कोणतं वाण शे?" मी शहाद्याला एका भाड्याच्या खोलीत बसून बाहेरगावच्या दुकानांसाठी वेबसाइट आणि जाहिराती तयार करते. त्यांनी विचारलं की मी खरंच सांगत असे. एका वर्षी काळी पार्श्वभूमी, पुढच्या वर्षी एकमेकांत विरत जाणारे रंग, मग बारीक अक्षरं आणि भोवती भरपूर मोकळी जागा. मोकळ्या जागेचं त्यांना कधी पटलं नाही. एवढी जमीन पडीक का ठेवायची, असं ते विचारत आणि चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे बघत.

माघात ते गेले. बाराव्या दिवशी गंधमुक्ती, म्हणजे सुतक फिटण्याचा विधी, ठरली आणि पत्रिकेचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. आमच्याकडे ही पत्रिका कशी असते ते आमच्या कळसाडी गावात कुणालाही विचारा. वर दिवा, काळी चौकट, मधे टोपी घातलेला फोटो आणि खाली शोकाकुल मंडळींची नावं, कागद संपेपर्यंत. मी त्यातलं काहीच ठेवलं नाही. कापसासारखा फिकट रंग घेतला. वडिलांचा चेहरा त्या वर्षी चालू असलेल्या पद्धतीने जवळून कापला, त्यात टोपी निघून गेली. खाली बारीक राखाडी अक्षरांत तारीख, वेळ आणि दोन शब्द: समस्त परिवार. नावं पाहिजेत त्यांच्यासाठी एक वेबपान केलं होतं, खालच्या ओळीवर बोट ठेवलं की ते उघडायचं. काकांनी मोबाइल लांब धरून पाहिलं. नावं दिसत नाहीत म्हणाले. मी समजावलं. तुला त्यातलं कळतं, असं म्हणून त्यांनी ती सगळ्या नातलगांना पाठवली. खरं सांगायचं तर प्रश्न फक्त पद्धतीचा नव्हता. मला वडील त्या कागदावर शांत हवे होते, गर्दीशिवाय.

दुसऱ्या दिवशी सारंगखेड्याहून फोन आला. आत्या, म्हणजे वडिलांची एकुलती एक बहीण, गंधमुक्तीला येणार नाही म्हणत होती. काकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं नाही. बहीण आल्याशिवाय भावाचं सुतक फिटलं, असं आमच्या घरात कधी झालेलं नाही. मी सारंगखेड्याला जायला उठले. सुतकात कुणाच्या घरी जात नाहीत, याची आईने आठवण करून दिली, पण अडवलं नाही.

मी आत्याच्या घरात पाय ठेवला नाही, अंगणातच उभी राहिले. आत्या ओट्यावर बसली होती. तिला वाचता जेमतेम येतं. आलेली पत्रिका घरातल्या कुणीतरी मोठ्याने वाचायची आणि म्हाताऱ्या माणसांनी शेवटच्या नावापर्यंत ऐकायची, ही तिच्या घरची रीत. कोण कुणाचा, कोण अजून आहे, हे त्यातूनच कळतं. नातसुनेने वाचली होती, तरी आत्या मला म्हणाली, तू वाच. मी वाचली. चार ओळींत संपली.

"सरी गयं?" तिने विचारलं.

मी हो म्हटलं, संपली.

"त्यान्हा कागदमा मी कोठे शे?"

मी वेबपानाबद्दल बोलायला लागले आणि मधेच थांबले. तिने रागाने विचारलंच नव्हतं. लग्न होऊन ती गेली त्याला पन्नासाहून जास्त वर्षं झाली. माहेरच्या सातबाऱ्यावर ती नाही, रेशन कार्डावर नाही. माहेरच्या कागदावर बहीण म्हणून नाव यायचं ते लग्नाच्या नाहीतर या पत्रिकेत, आणि या भावाची पत्रिका पुन्हा निघणार नव्हती. हे सगळं तिने अगदी सावकाश सांगितलं. मग म्हणाली, "आनि तू कोठे शे?"

त्यात मीही नव्हते. ते मी पाहिलंच नव्हतं.

मी पायरीखाली बसले आणि वही काढली. आत्याने नावं सांगितली, मोठ्यापासून लहानापर्यंत, मधे कुणाला पुढेमागे न करता. लिहिलेलं वाचून दाखवताना एक नाव चुकीच्या जागी आलं तर तिने हातानेच ते वर सरकवायला सांगितलं. उठताना ती म्हणाली, त्याला बोडका नको ठेवू, टोपी घाल.

शहाद्याच्या छापखान्यात दुसरी पत्रिका छापली. काळी चौकट, टोपीचा फोटो, ठळक अक्षरं, काठापासून काठापर्यंत नावं. माझ्या धंद्याच्या नजरेने पाहिलं तर काम गचाळ होतं. बोटभरही पडीक जागा उरली नव्हती.

गंधमुक्तीच्या दिवशी आत्या इतरांच्या आधी आली. आईच्या शेजारी बसली. मग पत्रिका माझ्यापुढे केली. मी वाचायला सुरुवात केली. पत्नी, भाऊ. मग बहीण, आणि तिचं नाव. तिने मान खाली घातली आणि पदर तोंडाशी धरला. मी पुढची ओळ बघितली. मुलगी, असं लिहिलं होतं, आणि समोर माझं नाव. मी त्या ओळीवर बोट ठेवून थांबले.

"वाच," आत्या म्हणाली.

मी वाचलं. त्यानंतर अजून बरीच नावं होती. तीही वाचली.