पाहुण्याचा भात

मुलगा आणि सून परदेशी गेल्यापासून आमच्या घरात रविवारी संध्याकाळी कोणी बाहेर पडत नसे, कारण फोन यायचा असे. गोंदियाला लागूनच फुलचूरला आमचं घर. बाजार, शेजारणीकडचं हळदीकुंकू, नात्यातलं बारसं, सगळं मी रविवार टाळून करायची. लोकांनी नावं ठेवली, ठेवोत बापडे. फोन वाजला की आधी यजमान उचलत. ते रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाले तरी आपण झेंडी दाखवल्याशिवाय घरातलं काही सुटू नये असं त्यांना वाटे. "कुठं गेलता या बारी?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग मुलगा सांगत बसे. या शनिवारी पवनचक्क्या पाहिल्या, मागच्या शनिवारी किल्ला पाहिला, हॉलंडमधून सकाळी निघालं की जेवायला दुसऱ्या देशात पोचता येतं. यजमान विचारत, गाडी वेळेवर सुटली का, बसायला जागा मिळाली का. फोन माझ्या हाती येईस्तोवर पोराजवळचं सांगणं संपलेलं असे. "बरी आहेस ना, आई?" एवढंच उरे. मला एकच विचारायचं असे, तू परत कधी येतोस. ते दर रविवारी राहून जाई.

दोन वर्षांसाठी म्हणून तो गेला होता. दोन हजार चार साल असावं. नवंनवं लग्न, कॉम्प्युटरची नोकरी, कंपनीनंच पाठवलं, नाही म्हणायला कारणच नव्हतं. परत आल्यावर दोघं राहतील कुठं म्हणून आम्ही घरावर मजला चढवायला घेतला. सून नागपूरची, म्हणून वर इंग्रजी संडास बसवला. फरशी मी स्वतः उन्हात उभी राहून निवडली. सून उंच आहे, म्हणून स्वयंपाकाचा ओटाही उंच घ्यायला लावला. मिस्त्री म्हणाला, "बाई, तुमचा हात नाही पुरणार इथं." मी म्हटलं, "मी कायले वर रांधू? ज्याचं घर त्याचा ओटा." तेव्हा मी फार तोऱ्यात होते. मजला झाला, रंग झाला, पडदे लागले. दोनाची चार वर्षं झाली. पहिली मोठी सुट्टी मिळाली तेव्हा ती दोघं स्वित्झर्लंडला गेली. "सुट्टी थोडीच आहे आई, एवढ्यात इकडचंच पाहून घेतो," मुलगा म्हणाला. मीही म्हटलं, पाहून घे.

फोटो येत. यजमान चौकातल्या सायबर कॅफेत जाऊन पाहून येत, एखादा छापून आणत. सगळ्या फोटोंत दोघं मधोमध उभी आणि पाठीमागे काहीतरी मोठं. चर्च, पूल, पुतळा. दोघांचे हात कोटाच्या खिशात. मला त्यातलं काही नको होतं. मला त्यांचं घर पाहायचं होतं. गॅस कुठं ठेवलाय, देव कुठं मांडलेत, ओले कपडे कुठं वाळतात. "स्वयंपाकघराचा एक फोटो धाड," मी एका रविवारी घाईघाईत सांगून टाकलं. पुढच्या आठवड्यात फोटो आला तो ट्यूलिपच्या शेताचा, कडेला काठोकाठ भरलेला कालवा. शेत म्हटलं की आईला आवडेल असं त्याला वाटलं असणार. मी आमच्या गावी, केशोरीच्या बांध्यांत गुडघाभर चिखलात उभी राहून धानाचा रोवणा केलेली बाई. लाल-पिवळी फुलं पाहून माझं डोकंच फिरलं. यजमान म्हणाले, "किती पाणी आहे पाह त्या देशात." मी म्हटलं, "एवढं पाणी असून धान नाही लावत, त कायचे शहाणे?" आणि तो फोटो मी फळीवर उलटा ठेवला.

अखेर ती दोघं आली तेव्हा हिवाळा होता. कापणी आटोपून शेतांत भारे रचून धानाचे पुंजणे लागले होते. वरचा मजला मी स्वतः पुसून काढला होता, नव्या गाद्या भरून घेतल्या होत्या. पहिल्याच रात्री जेवताना मुलानं बेत सांगितला. शनिवारी नवेगावबांधचा तलाव, रविवारी नागझिऱ्याचं जंगल, पुढच्या शनिवारी सालेकशाकडचा हाजरा फॉल. गाडी सांगून ठेवली होती. मी म्हटलं, "बापा, इथंच जनमलास तू. हे कायले पाहतोस?"

"पाहिलंच कुठं आई? लहानपणी नेलं कोणी?"

हे मात्र खरं होतं. यजमान गाडीवर आणि मी घराला नाहीतर शेताला जुंपलेली. आमच्याकडे सुट्टी म्हणजे केशोरी. फिरायला म्हणून कोणी कुठं जात नसे. तरीही मला ते लागलं. पोरगा घरी आला आणि घर सोडून सगळं पाहायला निघाला.

यजमान तर हौसेनं पुढच्या सीटवर बसले. मी मागे, मनाशी ठरवून, की आज विचारायचंच. पण फिरायला निघालेल्या माणसांना विचारायला वेळच सापडत नाही. गाडीत ड्रायव्हर असतो. उतरलं की फोटो असतात. फोटो झाले की भूक लागलेली असते. नवेगावच्या तलावाकाठी त्यानं मला आणि यजमानांना उभं केलं, मागे पाणी येईल असं. "जरा हसा ना," म्हणाला. मीही कोटाविना तशीच उभी राहिले, मधोमध. त्या फोटोत मी कशी दिसते ते मला अजून पाहवत नाही.

मधल्या दिवसांत केशोरीला गेलो. केशोरी माझं सासर. थोरले दीर आणि जाऊ तिथं असतात, आमच्या वाट्याची शेतीही तेच पाहतात. नव्या धानाचा भात पहिल्यांदा खायचा दिवस नेमका तेव्हाच आला होता. आमच्या घरी त्याची रीत ठरलेली आहे. नवा भात आधी देवाला, मग घरच्यांना. त्या दिवशी पाहुणा आला तर त्याच्यासाठी जुन्या तांदळाचा भात वेगळा शिजतो. नवा भात चिकट होतो, पोटाला जड जातो, तो पाहुण्याला कसा वाढायचा? जुना मोकळा भात हा पाहुण्याचा मान. यात कोणाला वाईट वाटण्यासारखं काही नाही, आजवर कोणाला वाटलेलंही नाही.

पंगत बसली. मुलगा आणि सून शेतातून, पुंजण्यांचे फोटो काढून, हातपाय धुऊन आली आणि आमच्या शेजारी बसली. जावेनं दिरांना, यजमानांना, मला नवा भात वाढला. मग ती आत गेली, दुसऱ्या भाताचा गंज घेऊन आली आणि त्या दोघांच्या ताटांत वाढला. शीत न् शीत मोकळं. माझा घास हातातच राहिला. यजमानांनीही पाहिलं होतं, कारण ते मान खाली घालून उगाच मिठाशी खेळत होते. मुलानं दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "मोठी आई, भात मस्त झाला." त्याला कळलंच नाही. लहानपणी याच दिवशी हा पोरगा चिकट भातात दूध-गूळ कालवून ताट चाटूनपुसून खायचा. बाकी सारं विसरला तरी जिभेला तरी कळायला नको होतं का?

जेवणं झाल्यावर मी जावेला चुलीपाशी गाठलं. "काऊन जी बाई, पोराले जुना भात वाढला?"

ती भांडी गोळा करत म्हणाली, "रागावू नोको. गाडी करून आले, फोटो काढून राहिले, चार दिसानं जाऊन राहिले. पाहुणेच त झाले."

"आपलं पोरगं आहे ते."

"मले का मालूम नाही? वाढताना माजाबी हात थांबला. पण नव्याच्या दिवशी देवासमोर खोटं कसं वाढू?"

तिच्याशी भांडायला मी गेले होते. पण तिचेच डोळे भरलेले पाहून परत फिरले. वाटेत गाडीत मुलगा केशोरीचे फोटो दाखवत होता. सगळे चांगले आले होते.

दुसऱ्या दिवशी सून माझ्याजवळ वालाच्या शेंगा सोलायला बसली. पोरगी वाईट नाही. माझ्या मनातलं तिच्यावर निघालं. "दर शनिवारी कायले एवढं फिरता गं? थकत नाही?"

तिनं वर पाहिलं नाही. "घरी बसलं तर शनिवार-रविवार संपत नाहीत, आई. दार कोणी वाजवत नाही. पहिल्या वर्षी मी रडायची आणि हे भिंतीकडं बघत बसायचे. मग आम्ही तिकिटं काढायला लागलो, कुठलीही. तिथं जाऊन पाहायचं काही नसतं हो. संध्याकाळ व्हावी एवढंच."

मी म्हटलं, "मग वापस या." इतकी वर्षं मुलाला विचारायचं ते असं सुनेला बोलून गेले.

तिनं सोललेले दाणे ताटात सारले. "इथं आलं की आठ दिवसांत तिथलं घर आठवायला लागतं. इथं आता सगळे आमच्यासाठी उठून उभे राहतात. आता नाही व्हायचं ते, आई. हे नाही येणार. आणि खरं सांगू, मीही त्यांना चला म्हणणार नाही."

भाताचं तिला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. ती सुखात असती तर मी तिच्याशी कडाकडा भांडले असते, मुलाचे कान उपटले असते. पण दोघंही सुखात नव्हती आणि दोघंही येणार नव्हती. अशा माणसांशी काय भांडायचं? त्या दिवशी माझी आशा संपली. ती आजवर परत आलेली नाही.

जायच्या आदल्या दिवशी मुलगा बापाला म्हणाला, "बाबा, वरचा मजला रिकामा ठेवून काय करता? किरायानं देऊन टाका. तुमाले सोबत होईल." आमच्याच काळजीपोटी बोलत होता. यजमान म्हणाले, "पाहू." सकाळी ती गेल्यावर मी वर गेले. चादरींच्या घड्या घातलेल्या, केर काढलेला, न्हाणीघर कोरडं पुसलेलं. घरची पोरं जाताना पसारा टाकून जातात, आपण मागून बडबडत आवरतो. मला आवरायला काहीच ठेवलं नव्हतं.

एकदा ओसरीवर बसल्या बसल्या यजमानच म्हणाले, "आपले पोवार पूर्वज माळव्यातून इकडं आले म्हणतात. एकतरी वापस गेला काय?" माझी समजूत काढायला बोलले असावेत. मी म्हटलं, "अन् त्याइच्या माया? त्या तिकडं वाट पाहतच मेल्या असतीन." त्यावर ते उठून आत गेले.

उन्हाळ्यात आम्ही वरचा मजला किरायानं दिला. बालाघाटकडचं जोडपं आहे, हिंदी बोलतं. तो इथं नोकरीला, ती घरी. शनिवारी दुपारी कुलूप लावून दोघं गावाकडं जातात, त्याची आई तिथं एकटी असते. जिना आमच्या घरातूनच आहे, म्हणून जाता-येता हाक मारतात. एका सोमवारी सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती, मी पापड वाळवायला सुपात घेऊन वर गेले होते. ती म्हणाली, "अम्मा, ऊपर का घर आपने बड़े जतन से बनवाया है. किसके लिए बनवाया था?"

"किराए के लिए," मी म्हटलं. तिनं ते खरं मानलं आणि पुढचा कपडा झटकला.