आवाज त्योच, पण करंट न्हाई

नगरजवळ, नागापूरच्या एमआयडीसीत, एका पॉवर प्रेसच्या भिंतीला पाठ लावून, सॅम पाटोळेचा स्टुडिओ आहे. शहाण्या माणसाने स्टुडिओ तिथे काढावा का? पण सॅमने काढला. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले, दारावर गोधडी टांगली आणि मुहूर्त करून मोकळा झाला. लग्नाची गाणी, वाढदिवसाची गाणी, निवडणुकीच्या रिक्षावर फिरणारं 'बंधूंनो आणि भगिनींनो', सगळं तिथेच रेकॉर्ड होतं. शेजारचा प्रेस दिवसभर धाडधाड पत्रा कापतो. तो आवाज गाण्यातून उपसून काढण्यात सॅमचा अर्धा दिवस जातो. उरलेल्या अर्ध्या दिवसात हा बाबा काय करतो? तर त्या स्वच्छ झालेल्या गाण्यात जुन्या टेपची खरखर घालतो. मुद्दाम! त्यासाठी त्याच्याकडे प्लगइन आहे.

प्लगइन म्हणजे कॉम्प्युटरने घेतलेलं सोंग. खरं यंत्र केव्हाच भंगारात गेलेलं असतं. त्याचं चित्र पडद्यावर येतं, चित्रातलं बटण माऊसने फिरवायचं, की तसाच आवाज निघतो म्हणे. सॅमकडे अशी सोंगं ढिगाने आहेत. टेपचं आहे, व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरचं आहे, एका विलायती जिन्याचंही आहे. त्या जिन्यात उभं राहून गायलं तर कसं घुमेल, ते ऐकायला. अरे, नगरात काय जिने नाहीत का? पण सॅमला हे सांगायची सोय नाही. तो लगेच कानाला हेडफोन लावायला देतो आणि 'फरक ऐका, फरक' करत बसतो.

हे खूळ त्याला बापाकडून आलं. त्याचा बाप पीटर मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. कारखान्यात फिटर होता आणि तिसगावच्या चर्चमध्ये दर रविवारी वाजवायचा. नगरचा एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा त्यांचा जुना सिंथेसायझर पीटरने उचलून आणला. त्याची लाकडी पेटी वाळवीने खाल्ली होती. पीटरने कारखान्यातल्या पत्र्याची नवी पेटी ठोकून केली आणि तिला लेथ मशीनचा हिरवा रंग फासला. बाहेरून धान्याची कोठी वाटायची, पण वाजायला लागली की अंगावर काटा यायचा. बाकावर शेजारी सॅमची आई, स्टेला, बसायची. एक हात पेटीवर ठेवायची, डोळे मिटायची आणि असा आवाज लावायची की रस्त्यावरून जाणारा टेम्पोवालासुद्धा हॉर्न वाजवायचं विसरायचा.

गेल्या वर्षी पीटर मास्तर गेला. पेटीनेही महिन्याभरात धूर काढला आणि मालकामागोमाग तीही गेली. आणि स्टेलाबाईने तोंड मिटलं. चर्चला यायची, पण मागच्या बाकावर. पुस्तक उघडायची, ओठ उघडायची नाही. पाळकसाहेबांनी सांगून पाहिलं, शेजारणींनी रडून पाहिलं. बाई ढिम्म! घरात बापाचा फोटो गप्प आणि आईही गप्प, मग रविवारी तिसगावला जाऊन करायचं काय? आईने पुन्हा गावं, एवढं एकच सॅमने मनात धरलं.

तर सॅमसाहेबांनी इलाज काय शोधला? प्लगइन! त्याच जातीच्या सिंथेसायझरचं सोंग एका परदेशी कंपनीने केलेलं त्याला सापडलं. पडद्यावर स्क्रू होते, स्क्रूवर गंज होता, कोपऱ्यात धूळसुद्धा रंगवलेली. यंत्र किती म्हातारं झालंय हे ठरवायलाही एक बटण होतं. सॅमने ते पार टोकाला नेलं. मूळ पेटी तापल्यावर सूर थोडा हलायचा, म्हणून हा लॅपटॉप उपासनेआधी अर्धा तास चालू करून 'तापू द्या, तापू द्या' म्हणत उभा. शेवटी पाळकसाहेबांनीच विचारलं, "का रे, भाकरी टाकायचीय का त्याच्यावर?" बापाच्या जुन्या कॅसेटवरून सॅमने एकेक सूर जुळवला. वाजवताना बोट चुकायला नको, म्हणून अख्खं गीत आधीच कॉम्प्युटरात भरून ठेवलं आणि पुढ्यात एक छोटा कीबोर्ड नुसता दाखवायला मांडला. विजेची घूं घूं नको म्हणून तिसगावच्या मंडपवाल्या खाजाभाईकडून चर्चला मीठ-कोळसा घालून पक्कं अर्थिंगही करून घेतलं.

गीत सुरू झालं. लोकांनी माना वळवल्या. काही बायकांनी पदर डोळ्यांना लावला. हुबेहूब पीटर मास्तर! उपासना संपल्यावर सॅम धावत आईकडे गेला.

"आवाज त्योच हाय रं," स्टेला म्हणाली. "पन करंट न्हाई."

झालं! आता स्टुडिओवाल्याला करंट म्हणजे काय कळतं? त्याच्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणतं, 'भाऊ, गाण्यात करंट पाहिजे.' म्हणजे दणका पाहिजे. सॅमने कंबर कसली. सिंथेसायझरच्या सोंगावर व्हॉल्व्हचं सोंग चढवलं, त्यावर टेपचं, त्यावर जिन्याचं. खाजाभाईला विचारलं तर तो म्हणाला, "करंट म्हंजे बेस! आपन हाय ना!" आणि पुढच्या रविवारी उरुसातले दोन मोठे बेस टेम्पोतून आणून त्याने वेदीच्या दोन बाजूंना उभे केले.

पहिल्याच सुराला खिडक्यांची तावदानं थरथरली. दुसऱ्याला आढ्यावरची पाल सुटली ती थेट पाळकसाहेबांच्या उघड्या बायबलवर. पाळकसाहेबांनी बायबल मिटलं, पाल आत! लहान पोरं बाकांवर चढली, कुणी हसतंय, कुणी किंचाळतंय, आणि सॅम आपला डोळे मिटून बटणं फिरवतोय. आईचा चेहरा मात्र होता तसाच.

"आज तर अजाबातच न्हाई," ती म्हणाली आणि चपला घालून निघाली.

सॅम मटकन बाकावर बसला. रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात चांगुणाबाई आत आली. ही शेजारच्या आळीतली म्हातारी. चर्चची नव्हे, पण उपासना सुटली की दर रविवारी यायची. तिने लुगडं सावरलं, गुडघा उचलला आणि सरळ लॅपटॉपला टेकवला.

"अहो मावशी! काय करताय?"

"बंद हाय व्हय रं ह्ये? करंट लागंना."

"करंट म्हणजे?"

"करंट म्हंजे करंट! लाईटीचा! शाळा शिकला का म्हशी राखल्या? तुझ्या बापाच्या पेटीला किती ग्वाड करंट यायचा. गुडघा लावला की आठ दिस दुखायचं नाव न्हाई."

मग हळूहळू सगळंच बाहेर आलं. पेटीच्या पत्र्यात वीज उतरायची. अख्ख्या तिसगावला ठाऊक! कुणी खांदा लावायचं, कुणी कोपर. खुद्द पाळकसाहेब दार लोटून कंबर लावायचे. तसं त्यांनी कबूलही केलं, पण प्रभूची कृपा म्हणून. ठाऊक नव्हतं ते एकट्या सॅमला. लहानपणी तो पेटीकडे सरकला की बाप खेकसायचा, 'हात लावशील तर तंगडं मोडीन!' बापाचा जीव पेटीवर आहे, आपल्यावर नाही, असं पोराने मनात धरलं आणि तेच घेऊन नगरच्या बोर्डिंगला गेला. आज इतक्या वर्षांनी त्याला कळलं, की बाप पेटीला पोरापासून वाचवत नव्हता. मग बापाचा रागच आला. अरे, वायर नीट करायची ना बाबा!

पण सॅम तो सॅमच. दुसरा कुणी असता तर तिथे थांबला असता. हा उठला आणि म्हणाला, करंटच पाहिजे ना? देतो!

पुढच्या रविवारी लोक गेल्यावर त्याने खाजाभाईने केलेलं अर्थिंग सोडवलं. चार्जरला तीन पिनांच्या जागी दोन पिनांची टोपी लावली. लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला बारीक झिणझिण्या यायला लागल्या. आधी चांगुणाबाईचा गुडघा लावून पाहिला. "लागतोय," ती तोंड वाकडं करून म्हणाली, "पन मुंगीवानी." जगात असं सोंग कुणी केलं नसेल, या आनंदात सॅमने आईला हाताला धरून पुढच्या बाकावर आणून बसवलं. गीत सुरू केलं. आपला एक तळवा लॅपटॉपवर ठेवला आणि दुसऱ्या हातात आईचा हात घेतला. पीटर मास्तरच्या पेटीचा आवाज चर्चभर घुमायला लागला. आईच्या बोटांना झिणझिण्या आल्या, तसे तिने डोळे मिटले.

"न्हाई," ती म्हणाली. "ह्यो नुसता लाईटीचा हाय."

"अगं, पण तेव्हाही लाईटीचाच होता, आई!"

स्टेलाने डोळे उघडले. लॅपटॉपवरच्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या हातातल्या हाताकडे. गीत चालूच होतं.

"तुजं दोनी हात तर हितं हायेत. मग वाजवतंय कोन?"

"आपोआप वाजतं ते. मी भरून ठेवलंय."

"इतके दिस आपोआपच वाजत हुतं?"

"हो."

"मग मी कुनासंगं म्हनायचं रं?"

सॅमने एवढी सोंगं जमवली, पण ही गोष्ट कुठल्याच बटणावर लिहिलेली नव्हती. त्याने गीत बंद केलं. चार्जर उपसला. दाखवायला ठेवलेला छोटा कीबोर्ड पुढे ओढला आणि बोटं ठेवली. वाजवता येतंय कुणाला! बोर्डिंगच्या हार्मोनियमवर शिकलेलं तेवढंच. रखडत पहिलं कडवं सुरू केलं. दुसऱ्या कडव्याला शेजारून बारीक आवाज आला, गंजलेल्या कडीसारखा करकरत. सॅमने तिकडे पाहायची हिंमत केली नाही. तिसऱ्या कडव्याला आवाज मोकळा झाला, चर्च भरून राहिलं, आणि नेमकी तिथेच या गाढवाची बोटं घसरली. भलताच सूर लागला. तो घाबरला आणि थांबला.

"आता गं? बिघडवलं मी."

"तिथं तुझा बाप बी दर आयतवारी चुकायचा," स्टेला म्हणाली. "पन थांबत नव्हता."

आणि त्याची वाट न बघता तिने पुढची ओळ उचलली.