ब्रेकबाई गाडी निवडतात

घरात दुसरी गाडी यायची होती आणि ती बाबा चालवणार होते, हे ऐकून मुलगा आधी खो खो हसला. आई हसत नाहीये हे लक्षात आल्यावर त्यानं तोंड मिटलं आणि गुपचूप चहा संपवला.

त्याच्या आईला सगळं गाव ब्रेकबाई म्हणतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून बाई सव्वीस वर्षं शेजारच्या सीटवर बसल्या. डॉक्टर, शिक्षिका, न्हावी, नवऱ्याशी भांडून आलेल्या बायका, बायकोला न सांगता आलेले नवरे, सगळ्यांना त्यांनी रस्त्याला लावलं. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीनं कुणाच्या सायकलला ओरखडासुद्धा काढला नाही. पण सव्वीस वर्षं दाबून दाबून त्यांच्या उजव्या घोट्याची पार वाट लागली. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला आणि सांगितलं, "आता पेडल बंद. शेजारचंही आणि स्वतःचंही. कायमचं."

नोकरी सुटली याचं बाईंना फार वाटलं नाही. त्यांचा जीव अडकला होता रविवारात. साठ किलोमीटरवरच्या एका शुश्रूषागृहात त्यांची थोरली बहीण होती. तीन वर्षांपूर्वी झटका येऊन ताईंचं अर्धं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. पण वार मात्र बरोबर कळायचा. रविवारी सकाळी आंघोळ झाली की त्या खुर्ची खिडकीशी लावायला लावत आणि फाटकाकडे बघत बसत. बाई स्कूलची गाडी मागून घेऊन जायच्या आणि ताईंना तासभर फिरवून आणायच्या. आता ती गाडीही गेली. बाई दोन रविवार बसनं गेल्या, दोन ठिकाणी बस बदलत, घोटा सुजवून घेत. पोचेपर्यंत दुपार टळलेली आणि ताई भिंतीकडे तोंड करून निजलेल्या. तिसऱ्या रविवारी बाईंना बसच्या पायऱ्याच चढवल्या नाहीत. त्या दिवशी ताई जेवल्या नाहीत, असा नर्सचा फोन आला.

मुलाकडे मोठी गाडी होती, पण ती त्याच्या कामाला जुंपलेली. "महिन्यातून एका रविवारी मी नेईन ना, आई," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, पण महिन्यात रविवार चार असतात.

तेव्हा बाईंचे यजमान म्हणाले, "मी शिकतो."

हे गृहस्थ कवळ्या बनवतात. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात आणि हे आपल्या छोट्या खोलीत, टेबलावर वाकून, लोकांना चावता-हसता येईल अशी सोय करून देतात. गावात त्यांना कवळीवाले म्हणतात. दात घासून गुळगुळीत करायचं त्यांचं यंत्र पायाच्या पेडलवर चालतं. पेडल दाबलं की फिरतं, पाय उचलला की जागच्या जागी थांबतं. पस्तीस वर्षं त्यांचा पाय हेच शिकला होता.

आणि इथंच सगळी गोम होती. वीस वर्षांपूर्वी बाईंनी त्यांना गाडी शिकवायला घेतलं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी एक सायकलवाला आडवा आला. कवळीवाल्यांनी काय करावं? पाय उचलला आणि गाडी थांबायची वाट बघत शांत बसून राहिले! बाईंनी आपला ब्रेक दाबला म्हणून सायकलवाला वाचला. कवळीवाले खाली उतरले, चालत घरी गेले आणि त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही.

"पुन्हा पाय उचलून बसाल," बाई म्हणाल्या.

"नाही बसणार."

"बघू," बाई म्हणाल्या. त्यांच्या 'बघू'पुढे अपील चालत नाही.

चार महिने कवळीवाले बाईंच्या जुन्या स्कूलमध्ये दुसऱ्या मास्तरांच्या हाताखाली राबले आणि दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाले. परवान्यावरच्या फोटोत ते पोलिसांनी पकडून आणल्यासारखे दिसतात, पण परवाना खरा आहे. मग गाडीचा शोध सुरू झाला.

मुलानं रंगीत माहितीपत्रकांचा गठ्ठा आणून टाकला. बाईंनी तो उघडलाही नाही. "अहो, चला," त्या म्हणाल्या आणि काठी टेकत थेट टॅक्सी स्टँडवर गेल्या.

कवळीवाले बायकोबरोबर तिच्या राज्यात पहिल्यांदाच चालले होते. स्टँडवर वीसेक टॅक्स्या उभ्या होत्या. चालक बोनेटला टेकून गप्पा मारत होते. बाईंकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. कवळीवाल्यांना जरा वाईटच वाटलं. तेवढ्यात बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "काय रे, खरं ॲव्हरेज कोण सांगणार?"

वीसच्या वीस माणसं ताठ झाली. एकानं हातातली विडी विझवली. एकानं तर उगाचच आपल्या गाडीचा बाहेरचा आरसा सारखा केला. "बाई! तुम्ही होय!" म्हणत सगळे गोळा झाले. कवळीवाल्यांना काही उमगेना. मग एका पिकल्या मिशांच्या चालकानं उलगडा केला. "काका, आम्ही बाईंचं तोंड बघितलंय कुठं? मान वळवली की ओरडायच्या, 'माझ्याकडे काय बघतोस, रस्त्याकडे बघ!' आम्ही फक्त आवाज ओळखतो."

कवळीवाले थक्क झाले. ज्या चेहऱ्यासमोर ते तीस वर्षं जेवत होते, तो चेहरा गावानं पाहिलाच नव्हता. आणि ज्या आवाजाला ते घरात सवयीनं हं हं करत होते, त्या आवाजानं वीस बाप्ये पोरांसारखे सरळ उभे राहिले होते.

चालकांनी बाईंपाशी पोटातलं सगळं ओठावर आणलं. कोणती गाडी कंपनीच्या आकड्याच्या जवळपास जाते, कोणती एसी लावला की पेट्रोल ढोसते, कुणाचे सुटे भाग मिळता मिळत नाहीत. शेवटी एका लहानशा सेडानवर सगळ्यांचं एकमत झालं. "कंपनी चोवीस सांगते बाई, मला एकोणीस मिळतात. पण माझा पाय जड आहे, हे तुम्हीच म्हणायचात," मिशावाला म्हणाला.

परत येताना चौकात दोघं रस्ता ओलांडायला थांबली. कवळीवाले सहज गाड्यांकडे बघत होते. एक गाडी वळायला आली. चालवणाऱ्या बाईची नजर आरशाकडे गेली, मग हात इशाऱ्याच्या दांडीकडे, आणि तिचे ओठ हलले. तिच्या मागच्या गाडीतल्या माणसाचंही तेच. नंतरच्या डिलिव्हरीच्या गाडीतही तेच. "आरसा, इशारा, मग इच्छा." हे बाईंनी स्वतः जुळवलेलं वाक्य होतं, त्या ते झोपेतही बडबडत. एवढ्या मोठ्या चौकात, बंद काचांआड, माणसं त्यांच्या बायकोचे शब्द पुटपुटत होती आणि त्यामुळे धडधाकट घरी पोचत होती. ते तिथंच उभे राहिले. बाईंनी कोपरानं ढोसलं, "अहो, सिग्नल पडला. चला की."

जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये बाई ताईंच्या खुर्चीसारखीच एक घडीची चाकाची खुर्ची घेऊन शिरल्या. विक्रेता तरुण आणि गोडबोल्या होता. त्यानं एक उंच, धिप्पाड गाडी दाखवली. "मॅडम, यात बसलं की रस्त्यावर राज्य!"

"राज्य करायला बहीण आधी आत चढायला हवी," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून शिंप्याची टेप काढली आणि खुर्चीच्या बैठकीची उंची मोजली. मग एकामागून एक सहा गाड्यांच्या मागच्या सीटची. उंच गाडीत ताईंना उचलावं लागलं असतं. लहान गाडीच्या डिकीत खुर्ची मावेना. राखी रंगाची ती तीन वर्षं जुनी सेडान मात्र अशी निघाली की खुर्ची आणि सीट एका पातळीत, एक बोट इकडेतिकडे नाही. डिकीत खुर्ची सपाट बसली. गिअर ऑटोमॅटिक, म्हणजे कवळीवाल्यांच्या पायांना एक काम कमी. किंमतही आवाक्यातली. विक्रेत्यानं आयुष्यात पुष्कळ गिऱ्हाइकं पाहिली असतील, पण टेप घेऊन सीटखाली वाकलेली बाई बघून त्यानं मुकाट टेपचं दुसरं टोक धरलं.

चाचणीला कवळीवाले स्टिअरिंगवर बसले, बाई शेजारी आणि विक्रेता मागे. पहिली दहा मिनिटं झकास गेली. कवळीवाल्यांचा पाय पेडलवर असा पडे, जणू खाली कुणाचा तरी दात आहे. मग उतारावरच्या गल्लीतून एक भाजीची हातगाडी घरंगळत रस्त्यात आली.

कवळीवाल्यांनी पाय उचलला.

गाडी थांबली नाही. ऑटोमॅटिक गाडी पाय उचलला तरी पुढे सरकतच राहते. त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यात बाईंचा पाय दिसला. तो दुखरा घोटा दाणकन खाली आपटला होता आणि त्याखाली नुसता गालिचा होता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा बाईंनी ब्रेक दाबला आणि काहीच झालं नाही. तो एक क्षण कवळीवाल्यांना वर्षाएवढा वाटला. मग त्यांचा पाय ब्रेकवर गेला, त्यांनी जीव खाऊन दाबला, आणि गाडी हातगाडीपासून वीतभर अंतरावर थांबली.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपली बायको घाबरते, हे कवळीवाल्यांना माहीतच नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "राहू दे," ते म्हणाले. "माझ्यानं नाही व्हायचं. तुझ्या बहिणीला मी मारून टाकीन."

बाईंनी एक लांब श्वास घेतला. "हीच गाडी घ्यायची," त्या विक्रेत्याला म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "ब्रेक कुणी मारला?"

"मी. पण उशिरा."

"उशिराचं मी बघते. तुम्ही मारलात ना? मग झालं."

त्यानंतरचे पंधरा दिवस मैदानावर सकाळी चालायला येणाऱ्यांची चांगलीच करमणूक झाली. राखी गाडी हळूहळू फेऱ्या मारी आणि एक काठीवाली बाई तिच्यापुढे पुठ्ठ्याची रिकामी खोकी भिरकावी. कधी डावीकडून, कधी उजवीकडून, कधी टाकल्यासारखं करून टाकायचंच नाही. रोज चाळीस खोकी. पहिल्या दिवशी त्यातल्या अकरांचा चुराडा झाला. आठव्या दिवशी दोन. कवळीवाल्यांच्या कपाळावरून घाम निथळे, पण बाईंनी एकदाही आवाज चढवला नाही. खोकं चिरडलं की नुसतं म्हणायच्या, "पाय उचलणं अर्धं काम. उरलेलं अर्धं करा." बाराव्या दिवसापासून खोकी शाबूत राहू लागली. तीच ती खोकी परत परत वापरून शेवटी मऊ पडली.

मधेच एकदा बाईंनी टाकी काठोकाठ भरून, दोनशे किलोमीटर झाल्यावर पुन्हा काठोकाठ भरून ॲव्हरेज काढलं. मग कागद उलटा करून पुन्हा काढलं. "साडेतेवीस!" त्या नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, सव्वीस वर्षांत असा पाय माझ्या हाताखालून गेला नाही." कवळीवाले कानापर्यंत लाल झाले. त्या दिवशी त्यांनी केलेली कवळी जरा हसरीच निघाली म्हणतात.

मग तो रविवार आला. साठ किलोमीटर बाई शेजारी बसल्या आणि चकार शब्द बोलल्या नाहीत. कवळीवाल्यांच्या मते ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात कठीण परीक्षा होती. पुढच्या एका ट्रकनं अचानक ब्रेक मारला, तेव्हा त्यांचा पाय उचलला गेला आणि त्याच दमात ब्रेकवर पडला. गाडी नीट थांबली. बाई खिडकीबाहेरची झाडं बघत होत्या, किंवा तसं दाखवत होत्या.

ताई खिडकीशीच होत्या. राखी गाडी फाटकातून आत येताच त्यांनी चांगल्या हातानं काचेवर टकटक केलं. खुर्चीवरून सीटवर त्या अलगद सरकल्या, उचलायची वेळच आली नाही. खुर्ची डिकीत गेली. कवळीवाल्यांनी बाईंसाठी पुढचं दार उघडून धरलं.

बाईंनी ते लावून टाकलं आणि मागचं उघडलं.

"अगं, पुढे नाही बसणार?" कवळीवाल्यांनी विचारलं. शेजारी बाई नसताना त्यांनी ही गाडी रस्त्यावर कधी चालवली नव्हती. मागच्या सीटवरून तर हँडब्रेकलाही हात पोचला नसता.

"तीन वर्षं ताई मागे एकटी बसत होती," बाई म्हणाल्या. "मी पुढून बोलायचे, तिची मान एका बाजूला कलंडायची आणि माझे हात स्टिअरिंगवर. सरळ करायला थांबावं लागायचं." त्या आत सरकल्या, ताईंचं डोकं त्यांनी आपल्या खांद्यावर घेतलं आणि लुळा हात दोन्ही हातांत धरला. "चला. तळ्याच्या बाजूनं घ्या, तिला ती बाजू आवडते."

कवळीवाल्यांनी गाडी बाहेर काढली. वळणावर त्यांनी आरशात पाहिलं. अख्ख्या गावाला रस्त्याकडे बघायला लावणारी ती बाई रस्त्याकडे बघतच नव्हती. ती बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तिला घरातल्या बारीकसारीक गोष्टी सांगत होती. त्यांनी नजर रस्त्यावर आणली आणि दोघींना जपून तळ्याकडे नेलं.