साहेबांची शंका

बालाघाटातल्या एका वॉर्डाच्या शाळेत बासष्ट साली मराठीचा एकच वर्ग उरला होता, आणि तो अनुसयाबाईंच्या जिवावर चालला होता. बाई खैरलांजीकडच्या. आवाज मोठा, राग त्याहून मोठा; पण वर्गात कुणाला ताप चढला तर त्याला कडेवर घेऊन घरी पोचवणाऱ्याही त्याच.

दिवाळीनंतर तपासणीला साहेब आले. मुलं घरी खरोखर मराठी बोलत असतील तरच वर्ग राहणार होता. साहेबांनी बाईंना बाहेर उभं केलं, मुलांना हिंदीत काहीबाही विचारलं आणि बाहेर आले ते तपासणीच्या कागदावर एक इंग्रजी शब्द लिहूनच.

"डाउटफुल."

"मतलब?" बाईंनी विचारलं.

"संदेह है, बाईजी. बच्चे तो फर्राटे से हिंदी बोलते हैं. मराठी घर की भाषा होगी, ऐसा लगता नहीं."

बाईंची कानशिलं तापली. संशय घ्यायचा तो चोरावर घ्यावा. शेंबडी पोरं नि त्यांची मायबोली, त्यांच्यावर कसला घेता? त्या तरातरा वर्गात शिरल्या आणि पहिल्या ओळीतल्या पुष्पलतेवर कडाडल्या, "काहून वं पुष्पे? साहेबाले 'मले मराठी येत नाही' म्हणून सांगतलं का?"

"नाही जी बाई," पोरगी रडवेली झाली. "साहेबानं हिंदीत पुसलं, म्हणून मी हिंदीत सांगतलं. आजी म्हणते, पाहुण्यासंगं त्याच्याच बोलीत बोलाव, नाहीतर तो अवघडते."

पोरीवर रागवायला जागाच उरली नाही. बाईंच्या घरीही हेच शिकवलं होतं. आत्ता साहेबांशी त्या स्वतः हिंदीतच बोलल्या होत्या की!

साहेब जीपमध्ये चढत होते. बाई पुढ्यात उभ्या राहिल्या आणि या वेळी मुद्दाम मराठीत बोलल्या.

"साहेब, लेकरं तुमचा मान ठेवून राह्यले, अन् तुमी त्याईचीच बोली खोटी ठरवता? शंका तुमच्या मनात हाय. ते लेकराईच्या नावावर काहून लिवता?"

"नाराज मत होइए. मराठी समझता हूँ मैं. चार साल भंडारा में था."

"समजते?" बाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "मंग मराठीत पुसाले जीभ जळत होती का तुमची?"

चपराशी सुखराम तोंड फिरवून हसला. साहेब ओशाळले. "चलिए, अब मराठी में पूछ लेता हूँ."

"आता पुसूच नका. मधल्या सुट्टीची घंटा होऊ द्या, अन् इथंच चूप बसा."

घंटा झाली. पोरं पटांगणात सुटली आणि गोट्यांच्या डावात एका कंच्यावरून लगेच जुंपली.

"माहा कंचा दे ना बे!"

"तुह्या बापाचा हाय का?"

"दोघंही लबाड!" पुष्पलता फ्रॉक आवळून मधे घुसली. "म्या माह्या डोयानं पाह्यलं, दोघाईनंही खोटं खेललं!"

पाहुण्याच्या भाषेत कोणी भांडत नाही. साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि तो शब्द खोडला. वर्ग राहिला.

"अब तो खुश, बाईजी?"

"कायची खुशी?" बाई म्हणाल्या. "आपली बोली आपली हाय, हे दाखवाले लेकराईले एकमेकाच्या उरावर बसा लागते. याचे आभार मानू का तुमचे?"

आणि साहेबांकडे पाठ करून त्या भांडण सोडवायला निघून गेल्या.