डावं गुणसूत्र, उजवं गुणसूत्र

माझ्या मावशीची नोकरी गुणसूत्रांचा आकार शोधण्याची. पेशीत हा लांबलचक धागा गुंडाळलेला असतो. त्याचा कोणता तुकडा कोणाला खेटून आहे, एवढीच माहिती प्रयोगशाळेतून यायची. तिच्यावरून मावशी कॉम्प्युटरवर अख्खा आकार बांधायची. "लग्नात कोण कोणाशेजारी बसलं तेवढं सांगतात आणि म्हणतात, आता हॉलचा नकाशा काढ," असं ती वैतागून म्हणे.

एकदा संचालकांच्या डोक्यात आलं, मावशीचं गुणसूत्र संस्थेच्या दारातच उभं करायचं. लोखंडी पाइपचं, माणसाहून उंच. वेल्डरने घाम गाळून केलंही. उद्घाटनाच्या सकाळी संचालकांनी चित्र ताडून पाहिलं आणि त्यांचा चेहराच पडला.

"अहो, हे उलटं झालंय! वेटोळी सगळी डावीकडे!"

वेल्डर डोकं खाजवत म्हणाला, "चित्र खिडकीच्या काचेला लावलं होतं, साहेब. मी बाहेरून बघत होतो."

"चालेल की," मावशी म्हणाली. "कोण कोणाजवळ, एवढंच आपल्याला ठाऊक. ते दोन्हींत सारखंच."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला डावं-उजवं कळत नाही?"

"आकड्यांतून नाही कळत, सर."

संचालक मटकन खुर्चीत बसले आणि त्यांनी तिथेच समिती नेमली. निम्मे डाव्याच्या बाजूने, निम्मे उजव्याच्या. तोडगा म्हणून वेल्डरलाही मताचा हक्क दिला, तर तो म्हणाला, "मला दोन्ही आवडतात." तेवढ्यात पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली. मावशीने शिपायाला हाताशी धरलं, बायकांच्या खोलीतला मोठा आरसा उचकटून आणला आणि पाइपच्या शेजारी टेकवला. आता डावंही होतं, उजवंही होतं.

पाहुणे आरशासमोर उभे राहिले, कॉलर नीट केली, भांग सारखा केला आणि म्हणाले, "फारच सुंदर!"

टाळ्या पडल्या. मावशी घरी येऊन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पदराने डोळे पुसत आईला म्हणाली, "ताई, माझ्या कामाला पहिल्यांदाच कोणी सुंदर म्हटलं गं. तेही स्वतःकडे बघून."

आरसा तिथेच राहिला. समितीही राहिली, कारण ती बरखास्त करायची की नाही यावर अजून समसमान मतं पडतात. मावशी कधीच निवृत्त झाली. अध्यक्ष सध्या वेल्डर आहे.