बाबांची शेवटची दवंडी

बी.ए. झाल्यावर नागपूरला विद्यापीठात वकिली शिकावी की पत्रकारिता, हे ठरवायचं होतं. वकील म्हणजे काय ते घरात ठाऊक होतं. पत्रकारितेचं मी समजावलं, "कुठं काय झालं थे साऱ्या लोकायले सांगाचं."

बाबा जेवता जेवता थांबले. "म्हंजे दवंडीच ना बे?"

गावची दवंडी पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच घराकडे होती. पाटील सांगेल ते डफडं वाजवत गल्लोगल्ली ओरडायचं. छप्पन्न साली आम्ही बौद्ध झालो, त्याच आठवड्यात बाबांनी ते डफडं पाटलाच्या ओसरीवर नेऊन ठेवलं होतं.

"म्या सोडलं, थे शिकाले तू नागपूरले जाऊन राह्यला?"

मला हसू आवरेना, तसे ते आणखी भडकले. शेवटी म्हणालो, "बाबा, याच्यात पाटील नसते. आपणच पाहाचं अन् आपणच लिहाचं. पाटलाचंबी."

"पाटलाचंबी?"

हात धुवून ते तडक घाटंजीच्या बाजाराला निघून गेले. आता वकिलीच नशिबी, असं धरून मीही थोड्या वेळानं मागे गेलो. पाहतो तर भाजीवाल्यांच्या मधोमध बाबा उभे, आणि तोच जुना खणखणीत आवाज, "ऐका हो ऐका, माहा पोट्टा पेपरात लिहाचं शिकाले नागपूरले चालला."

डफड्याची गरजच नव्हती. बाबांनी जन्मभरात दिलेल्या दवंड्यांपैकी ही एकच त्यांना कोणी सांगितलेली नव्हती.