मास्तर स्वतः गाडी चालवतात

आमच्या मास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली. डॉक्टरांना शिकवली, डॉक्टरांच्या बायकोला शिकवली, आणि दोघांचं पटेनासं झालं तेव्हा दोघांना वेगवेगळ्या वेळा दिल्या. स्वतः मास्तर मात्र गाडी चालवत नसत. हे गावात कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्याही नाही.

कारण त्यांना चालवायची वेळच येत नसे. गाडी त्यांच्या दारात उभी असायची. सकाळचा पहिला विद्यार्थी ती काढायचा, संध्याकाळचा शेवटचा परत लावायचा. भाजी आणायची असली की त्या दिवशी धडा असायचा 'गर्दीत गाडी उभी करणे'. त्यांच्या बायकोचा, म्हणजे काकूंचा, गुडघा दुखला की 'चढावर हाफ क्लच', कारण दवाखाना चढावर होता. एका पुतण्याच्या लग्नाला ते 'लांबचा सराव' करत गेले. विद्यार्थी मांडवाबाहेर थांबला. नंतर तोही पंगतीत बसला, आणि मास्तरांनी त्या तासाचे पैसे घेतले नाहीत. असा सगळा संसार धड्यांवर चालला होता. मास्तर कायम शेजारच्या सीटवर. त्यांच्या पायाशी त्यांचा वेगळा ब्रेक, वेगळा क्लच, आणि समोर त्यांचा वेगळा छोटा आरसा.

मी साहित्याची पदवी घेऊन घरी बसलो होतो. वेळ होता म्हणून गाडी शिकायला लागलो. धडा संपला की मास्तर मला चहाला थांबवून घेत. गाडीत ते मला 'तुम्ही' म्हणत. गाडीतून उतरलं की 'तू'. आमची अशी मैत्री झाली.

एके दिवशी ते म्हणाले, "रविवारी मोकळा आहेस का?"

"मी रोजच मोकळा आहे."

"तळ्यावर जायचंय. लांब आहे, दिवस जाईल. आमचा चष्मेवाला साठ वर्षांचा झाला. आम्ही जुने मित्र तंबू ठोकून राहणार आहोत. येतोस?"

मला वाटलं, मला चालवायला मिळणार. मी हो म्हटलं.

रविवारी उजाडताच निघालो. मागे काकू, त्यांच्या मांडीवर केकचा खोका, बाजूला पांघरुणं आणि एक स्टोव्ह. मी चालवत होतो. गावाची शेवटची घरं मागे पडली तसे मास्तर म्हणाले, "बाजूला घ्या. थांबवा. उतरा."

मी उतरलो. मला वाटलं काहीतरी चुकलं.

"आज मी चालवणार," मास्तर म्हणाले.

मी काकूंकडे पाहिलं. काकू खिडकीबाहेर पाहत होत्या.

"चष्मेवाल्याचा फोन आला होता," त्या बाहेर बघतच म्हणाल्या. "विचारत होता, मास्तरला कोण घेऊन येतंय. हे म्हणाले, मी स्वतः चालवत येतोय. तर तिकडून हसण्याचा आवाज. फोन स्पीकरवर होता, सगळे होते तिथे. वर म्हणतो कसा, तू ड्रायव्हर नाहीस रे मास्तरा, तू सामान आहेस."

"ते सांगायची काही गरज होती का?" मास्तर म्हणाले.

"त्याला कळायला नको का, जीव कशासाठी धोक्यात घालतोय ते?"

मी शेजारच्या सीटवर बसलो. तिथे मास्तरांच्या आकाराचा खड्डा होता. मी त्यात नीट मावत नव्हतो. पायाशी त्यांचा ब्रेक. तो झिजून आरशासारखा गुळगुळीत झाला होता. मी वाकून चालकाच्या बाजूचा ब्रेक पाहिला. त्याचं रबर नवंकोरं होतं. अडीच महिने मला वाटत होतं की मी छान चालवतो.

मास्तरांनी सीट पुढे घेतली. मागे घेतली. परत पुढे घेतली. मग मोठ्याने म्हणाले, "हं. क्लच दाबा. पहिला गियर. आरशात बघा."

मी आरशात पाहिलं.

"तुम्ही नाही," मास्तर म्हणाले. "मी."

गाडीने दोन उड्या मारल्या आणि बंद पडली.

"काय घाई आहे?" मास्तर स्वतःवर ओरडले. "क्लच हळू सोडा म्हणून शंभरदा सांगितलंय ना?"

दुसऱ्यांदा गाडी निघाली. मास्तर सगळ्या वाटेभर स्वतःला शिकवत होते. "वळण येतंय, वेग कमी. शाब्बास. हात का आखडलेत? मोकळे ठेवा." थोड्या वेळाने चुकलं की, "लक्ष कुठंय तुमचं? घरी भांडून आलात का?"

"घरी नाही," काकू मागून म्हणाल्या. "पण आता भांडण होईल."

गाडी डावीकडे झुकली की त्यांचा हात स्टिअरिंग सोडून माझ्याकडे यायचा आणि माझ्या पोटासमोर हवेत एक अदृश्य चाक सरळ करायचा. गाडी तशीच डावीकडे जात राहायची.

टपावर पाटी होती, 'शिकाऊ चालक. अंतर ठेवा.' लोक अंतर ठेवत होते. ट्रॅक्टर पुढे गेला. मेंढ्या पुढे गेल्या. एक सायकलवाला पुढे गेला, थोड्या वेळाने समोरून परत आला, मग पुन्हा मागून येऊन पुढे गेला.

"अहो, त्याचं काहीतरी विसरलं होतं वाटतं," काकू म्हणाल्या. "आणलंसुद्धा त्याने."

पुढे एका वळणावर समोरून ट्रक आला. माझा पाय आपोआप खाली गेला. गाडी कचकन थांबली. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला.

"ब्रेक कोणी मारला?" मास्तरांनी विचारलं.

"मी."

"का?"

"ट्रक होता."

"मला दिसला होता."

"मलाही दिसला होता," काकू म्हणाल्या. "म्हणून तर मी डोळे मिटले."

मास्तरांनी गाडी पुन्हा सुरू केली. स्वतःला एकही सूचना दिली नाही. मला फार वाईट वाटलं. मी चालवत असताना त्यांनी किती वेळा ब्रेक मारला असेल, आणि मला एकदाही कळू दिलं नव्हतं.

दुपारी एका टपरीवर चहाला थांबलो. मास्तरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला.

"मास्तर," मी म्हणालो, "इथून पुढे मी चालवतो. तळं जवळ आलं की शेवटच्या वळणाआधी बदलू. ते तुम्हालाच चालवताना बघतील."

"पोरगा हुशार आहे," काकू म्हणाल्या. "ऐका त्याचं."

मास्तरांनी खरंच विचार केला. चहा निवला तरी करत होते.

"आणि फक्त तेवढं एक वळण घ्यायचं, आणि तेच चुकलं तर?" ते म्हणाले. "दिवसभर चालवलं तर निदान हात तरी बसेल."

आम्ही पुन्हा निघालो. आणि खरं सांगायचं तर त्यांचा हात बसला. उन्हं उतरेपर्यंत सूचना कमी झाल्या होत्या. एकदा तर त्यांनी एका उसाच्या गाडीला मागे टाकलं. ती उभी होती, पण टाकलं. काकूंनी टाळ्या वाजवल्या. मास्तर शीळ घालायला लागले.

मग तळं दिसलं. रस्ता सोडून एक कच्ची वाट उताराने खाली जात होती. खाली पाण्याच्या कडेला मोठा नारिंगी तंबू, त्याच्यासमोर तीन माणसं. त्यांनी गाडी ओळखली आणि हात हलवायला सुरुवात केली.

"पाय वर घ्या," मास्तर मला म्हणाले.

"मास्तर, उतार आहे."

"पाय वर. तुमच्या ब्रेकवर मी पोचलो असं नको व्हायला."

मी सीटवर मांडी घातली. गाडी खाली निघाली. मास्तर उत्तम चालवत होते. दुसरा गियर, ब्रेकवर हलका पाय, नजर समोर. दगड चुकवला. खड्डा चुकवला. आता त्या माणसांचे चेहरे दिसायला लागले. जाड भिंगांचा चष्मा लावलेला एक जण उड्या मारत दोन्ही हात हलवत होता.

मास्तरांचा चेहरा फुलला. ओळखीचं माणूस दिसलं की ते आजवर शेजारच्या सीटवरून जे करत आले होते, तेच त्यांनी केलं. दोन्ही हात उंच करून हलवले. पायही सैल सोडले.

तिघेही जण बाजूला पळाले. गाडी तंबूत शिरली. आत शिरल्यावर मास्तरांना ब्रेक आठवला. मग वरून तंबू हळूच आमच्यावर बसला.

आत सगळं नारिंगी झालं.

"आलं का?" काकूंनी विचारलं.

"आलं," मास्तर म्हणाले.

"केक ठीक आहे."

बाहेर पळापळ ऐकू आली. मग कोणीतरी ओरडलं, "लागलं का रे कोणाला?"

"नाही!" काकू ओरडल्या.

"थोडक्यात वाचलो! काचेवर ऊन होतं, दिसलंच नाही. कोण चालवत होतं?"

"कोण म्हणजे? कोणीतरी पोरगा असणार. शिकाऊ आहे, पाटी वाचली नाहीस?"

"मास्तर शेजारी बसून झोपला असेल."

मी मास्तरांकडे पाहिलं. सुटायची इतकी सोपी वाट होती. नुसतं गप्प बसायचं. मी हळूच म्हणालो, "मास्तर, चालेल मला. मी होतो म्हणून सांगा."

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खिशात हात घातला होता.

"मी चालवत होतो!" ते तंबूखालून ओरडले. "ए चष्मेवाल्या! मी! घरापासून इथपर्यंत मी!"

"गावाबाहेरपासून," काकू म्हणाल्या.

"गावाबाहेरपासून!" मास्तर ओरडले.

बाहेरच्यांनी कापड ओढलं. काचेवरून तंबू सरकला. समोर चष्मेवाला आणि आणखी दोघं, तोंडं उघडी. मास्तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ताठ बसले होते.

"अरे मास्तरा," चष्मेवाला म्हणाला. "तू?"

"मी."

"खाली उतर, तुला मिठी मारतो. मग तंबूचं बघू."

"थांब. चौथा कुठंय?"

"तो पाणी आणायला गेलाय, वरच्या विहिरीवर."

"फोनवर तोपण हसला होता. त्याला बोलव."

"येईल की रे. तू उतर तर."

"आला की उतरतो."

चष्मेवाल्याने काकूंकडे पाहिलं. काकूंनी केकचा खोका खिडकीतून त्याच्या हातात दिला, पण स्वतः उतरल्या नाहीत. मग मीही बसून राहिलो. तिघेजण गाडीसमोर उभे राहून वाट पाहू लागले. एक जण हसायला लागला, पण चष्मेवाल्याने त्याला कोपराने ढोसलं.

बऱ्याच वेळाने चौथा आला. हातात दोन कॅन, धापा टाकत. आधी त्याने पडलेला तंबू पाहिला. मग गाडी पाहिली. मग मास्तर कुठे बसलेत ते पाहिलं. कॅन खाली ठेवले.

मास्तरांनी इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं, आणि मगच दार उघडलं.